आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं: जुनी गाडी घरच्या घरी सुधारताना

जुनी गाडी विकत घ्यायची, घरच्या गॅरेजमध्ये ती नीट करायची आणि जमलं तर मूळच्यापेक्षा जरा चांगली करायची, हा विचार तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात येऊन गेला असणार. ब्रिटनमध्ये राहत असाल तर शेजारच्या गल्लीत ताडपत्रीखाली झाकलेली एक तरी गाडी दिसतेच. मग व्हिडिओ बघणं सुरू होतं. दुसऱ्या मिनिटाला इंजिन बाहेर, दहाव्या मिनिटाला चकाचक गाडी रस्त्यावर. मधली दोन-तीन वर्षं मात्र कापलेली असतात. आणि ज्या गाड्या पूर्ण झाल्याच नाहीत त्यांचे व्हिडिओ कोणी टाकत नाही. त्या 'अर्धवट प्रोजेक्ट' म्हणून खोक्यांसकट विकल्या जातात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हे का होतं? बहुतेक वेळा कौशल्य कमी पडलं म्हणून नाही, तर क्रम चुकला म्हणून. या लेखात तो क्रम आणि त्यामागची कारणं समजून घेऊ. मुद्दा एकच आहे: गाडीतला कुठलाही भाग एकटा नसतो. एक भाग ताकदवान केलात की ताण गपचूप पुढच्या कमजोर भागावर सरकतो. हे लक्षात ठेवलं की काय आधी आणि काय नंतर, हे आपोआप कळायला लागतं.

उदाहरणाला एमजीबीच का?

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच गाडी घेऊ: एमजीबी. ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतांश अमेरिकेत गेल्या. म्हणजे तुम्ही लेस्टरला असा की न्यू जर्सीला, ही गाडी आणि तिचे सुटे भाग मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तर १९८८ पासून तिची अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. शिवाय गाडी साधी आहे. बोनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला हात जायला जागा मिळते आणि काय कशाला जोडलंय ते डोळ्यांना दिसतं.

आपलं एक नातंही आहे तिच्याशी. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी सीरिज' घराण्यातलं. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. तुमच्या आजोबांकडे किंवा गावातल्या टॅक्सीवाल्याकडे जुनी ॲम्बॅसेडर असेल, तर या इंजिनाच्या चुलतभावाचा आवाज तुम्ही लहानपणी ऐकलेला असू शकतो.

पाने घेताना मात्र एक लक्षात ठेवा. भारतातल्या घरात आपण '१०-११ चा पाना आण' म्हणतो, तो मिलिमीटरचा. एमजीबीचे बहुतेक नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत: ७/१६, १/२, ९/१६. 'जवळपास बसतोय' म्हणून मिलिमीटरचा पाना लावलात की नटाचे कोपरे गोल होतात आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

आधी पत्रा, मग बाकी सगळं

गाडी बघायला गेलात की पहिली नजर इंजिनाकडे जाते. तसं करू नका. इंजिन बाहेर काढून टेबलावर दुरुस्त करता येतं. गाडीचा सांगाडा तसा काढता येत नाही.

जुन्या काळच्या बऱ्याच गाड्यांना खाली वेगळी चासी असायची आणि वर बॉडी बसवलेली असायची. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यातही छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवण्याचं काम मुख्यतः दारांखालच्या दोन लांब, पोकळ पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून एक साधी पट्टी दिसते, पण आत पत्र्याचे अनेक थर असतात. पाणी आत जातं, चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच काही गेलेलं असतं. विकणाऱ्याने वर पुट्टी भरून रंग मारला असेल तर मग वरून कीर्तन, आतून तमाशा.

तपासायच्या तीन सोप्या युक्त्या आहेत. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मालकाची परवानगी घेऊन खालच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा; चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला दबका. आणि गाडी एका बाजूने जॅकवर उचलल्यावर दार उघडून-लावून बघा. दार अडकायला लागलं किंवा दाराची फट बदलली, तर गाडी मध्ये वाकतेय. सिल आपलं काम करत नाहीत.

सिल बदलायचे असतील तर कापण्याआधी गाडीला सगळीकडून सारखा आधार द्या आणि दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या लावून तिचं माप पक्कं धरून ठेवा. नाहीतर जुना सिल कापला की बॉडी किंचित खाली बसते, तुम्ही नवा सिल त्याच वाकड्या स्थितीत वेल्ड करता आणि मग ती दारं आयुष्यात नीट लागत नाहीत. वेल्डिंग येत नसेल तर एवढं एक काम जाणकाराला द्या. त्यात कमीपणा नाही. नवं इंजिन, नवा रंग आणि मग सिल, असं करणं म्हणजे आधी कळस मग पाया.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण घरी काम करताना लोक जीव गमावतात ते इथेच.

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट काँक्रीटवर, गाडीच्या भक्कम भागाखाली ॲक्सल स्टँड लावा. मग गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा. शेवटचा आधार म्हणून.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. म्हणून ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. योग्य मास्क लावा आणि ओल्या कापडाने टिपून घ्या. वेल्डिंग करताना बॅटरीचं कनेक्शन काढा, पेट्रोलची टाकी आणि पाइप लांब करा, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. बऱ्याच एमजीबींमध्ये बॅटरी बोनेटखाली नाही, तर सीटच्या मागे असते, तीही सहा व्होल्टच्या दोन. तिथल्या फरशीखाली वेल्डिंग करणार असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

मोजल्याशिवाय खोलू नका

आपल्यापैकी जे प्रयोगशाळेत काम करतात त्यांना हे सांगायला नको: आधीची स्थिती नोंदवली नसेल तर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं? इंजिन 'दमलेलं' वाटतंय म्हणून लगेच खोलू नका. एक कॉम्प्रेशन गेज आणा.

इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर फिरवून एकेका सिलिंडरचा दाब मोजा. चारही आकडे जवळजवळ सारखे असतील तर इंजिन बरं आहे. एखादा आकडा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला, म्हणजे ऑइलने पिस्टनच्या रिंगांची गळती तात्पुरती बुजवली, दोष रिंगांचा. दाब तितकाच राहिला तर दोष बहुधा वरच्या व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेलेली असण्याची शक्यता मोठी. काही मिनिटांच्या या चाचणीने पूर्ण इंजिन खोलायचं की नुसतं हेड उतरवायचं हे ठरतं. वेळेत आणि खर्चात केवढा फरक आहे ते बघा.

एक वही ठेवा. तारीख, मैल, काय मोजलं, काय बदललं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्ब्युरेटर, इग्निशन आणि टॅपेट सेटिंग एकाच रविवारी केलं आणि सोमवारी गाडी सुरूच झाली नाही, तर कुठे शोधणार?

पहिली सुधारणा: ब्रेक

आता सुधारणांकडे येऊ. इथे सगळ्यांना आधी ताकद हवी असते. पण थोडं गणित करू. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० मैलांवरून ७० वर गेलात तर वेग सहाव्या हिश्शाने वाढतो, पण थांबवायची ऊर्जा सुमारे ३६ टक्क्यांनी. ही सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलायची असते. म्हणून क्रम हा: आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं.

एमजीबीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. चांगल्या स्थितीत असतील तर एक टनाच्या गाडीला ते पुरतात. खरी अडचण जुन्या रबराची आणि जुन्या ब्रेक ऑइलची असते. साधं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, लांब उतारावर ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पॅडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदला. चाकांजवळचे रबरी पाइप बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगून बंद होतात. तेही नवे घाला.

त्यानंतरची मोठी सुधारणा म्हणजे दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये एकच सर्किट होतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरला फक्त हँडब्रेक. अमेरिकेसाठीच्या गाड्यांना १९६८ पासून दोन सर्किट आले. ही सुधारणा दिसत नाही, फोटोत येत नाही, पण तिच्यामुळे घरी परत येता येतं.

मग वळणं, मग वीज

एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये एक गंमत आहे. तिचा शॉक ॲब्सॉर्बर आजच्यासारखा उभा नळीचा नाही, तर तरफेच्या हाताचा आहे आणि तो हातच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे. म्हणजे तो काढून आधुनिक शॉक ॲब्सॉर्बर लावायचा तर वरचा दुवा नव्याने द्यावा लागतो. अशा वेळी स्वतःला विचारा: मूळचा भाग वाईट आहे की फक्त झिजलाय? बहुतेक वेळा नीट दुरुस्त केलेला जुना शॉक आणि खालच्या दुव्यांना एमजीबी जीटी व्ही८ या मॉडेलचे बुश एवढ्यावर गाडी कितीतरी सुधारते. किंगपिनला ठरलेल्या मैलांवर ग्रीस द्या, हे तर फुकटात जमा. १९७४ च्या अखेरीपासून आलेल्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या अमेरिकी नियमांसाठी उंच केल्या होत्या आणि त्यामुळे वळणावर जास्त कलतात. त्या मूळच्या उंचीवर आणणं ही मात्र खरी सुधारणा.

विजेचं म्हणाल तर जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगवर भरपूर विनोद आहेत. पण बरेचसे दोष अर्थिंगचे असतात. वीज बॅटरीतून वायरने जाते आणि गाडीच्या पत्र्यातून परत येते. जोड गंजला की परतीची वाट बंद. नवीन काही घेण्याआधी प्रत्येक अर्थिंग खोला, चमकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा. मग हेडलाइटना रिले लावा, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही. १९६७ च्या आधीच्या गाड्यांमध्ये डायनमो आणि पॉझिटिव्ह अर्थ होतं. त्यावर अल्टरनेटर बसवायचा तर आधी पूर्ण गाडीची अर्थिंग उलटी करावी लागते, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. परत तेच: एक भाग बदलला की शेजारी हलतात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन ही स्वस्त आणि चांगली सुधारणा आहे. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर मात्र डिकीत ठेवा.

शेवटी ताकद

आता इंजिन. सुरुवातीच्या एमजीबीची ताकद कंपनी सुमारे ९५ अश्वशक्ती सांगत असे. ती वाढवता येते, पण हे इंजिन कुठे अडतं ते आधी समजून घ्या. चार सिलिंडरांना हवा आणि पेट्रोल आत घ्यायला हेडमध्ये दोनच दारं आहेत: एक आणि दोनला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. शेजारी एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. म्हणून कितीही मोठा कार्ब्युरेटर लावला तरी फायदा एका मर्यादेपुरताच.

समजा तुम्ही मोकळा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावलात. आता हवा जास्त येते. एमजीबीच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये किती पेट्रोल जायचं हे एका निमुळत्या सुईच्या आकारावर ठरतं. सुई तीच राहिली तर मिश्रण पातळ होतं, ज्वलन जास्त तापतं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळू शकतो. दोन सुंदर चमकणारे फिल्टर आणि एक जळका पिस्टन, असा हिशोब होतो तो सुई न बदलल्यामुळे.

हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्हच्या बैठकांचं काम करून घ्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं या बैठकांना गादीसारखं संरक्षण द्यायचं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीपासून शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. शिशाशिवाय जोरात आणि लांब चालवलं तर व्हॉल्व्ह हळूहळू ओतीव लोखंडात रुततो, टॅपेटची गॅप संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. मशीन शॉपमध्ये कडक धातूच्या बैठका बसवल्या की हा प्रश्न मिटतो. २०२१ पासून इथे पंपावर मिळणाऱ्या ई१० पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. सुपर ग्रेडचं ई५ भरा आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घाला.

आजच्या रस्त्यावर खरा फरक पडतो तो गिअरबॉक्समुळे. ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी ताशी ७० मैलांना मिनिटाला जवळजवळ ३९०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह असेल तर सुमारे ३१००. मोटरवेवर दोन तास जायचं तर आवाज, पेट्रोल आणि झीज तिन्ही कमी. ओव्हरड्राइव्ह नसेल तर काही जण फोर्ड किंवा माझ्दाचा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. नुसता क्लच बदलायचा तरी इंजिन बाहेर काढावंच लागतं. मग क्लच कधी बदलायचा आहे ते बघा आणि दोन्ही कामं एकत्र धरा.

परतीची वाट ठेवा

दोन प्रकारचे बदल असतात: बोल्ट काढून परत फिरवता येणारे आणि पत्रा कापून कायमचे होणारे. शक्य तिथे पहिला प्रकार निवडा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. उद्या तुमचं मत बदलेल, देश बदलेल किंवा गाडी दुसऱ्याकडे जाईल. तेव्हा ते खोकं आणि तुमची वही गाडीइतकीच मोलाची ठरतील.

कायद्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. पण गेल्या ३० वर्षांत गाडीत मूलभूत बदल केले असतील तर ही सूट जाऊ शकते. दुसरं इंजिन बसवण्याआधी किंवा सांगाड्याला हात लावण्याआधी डीव्हीएलएचे सध्याचे नियम वाचा. प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर महागात पडतो. आणि सूट असली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवणं ही कायद्याने तुमचीच जबाबदारी आहे. वर्षातून एकदा स्वतःहून एमओटी करून घ्या. तुम्ही स्वतः केलेलं काम दुसऱ्या कुणीतरी तटस्थपणे तपासणं गरजेचं असतं. शोधनिबंधाला लागू असलेला नियम ब्रेकनाही लागू आहे.

पैशाचं स्पष्ट सांगायचं तर पूर्ण दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो. गुंतवणूक म्हणून यात पडू नका. म्हणूनच नवशिक्यांनी मोडलेली स्वस्त गाडी घेण्यापेक्षा चालती, कमी गंजलेली, थोडी महाग गाडी घ्यावी. चालती गाडी तुम्हाला दर रविवारी काहीतरी शिकवते. खोक्यातली गाडी फक्त जागा अडवते.

अशी गाडी मिळाली तर पहिल्या तीन महिन्यांत नवीन काहीच बसवू नका. सगळी ऑइलं बदला, ब्रेकचं रबर नवं करा, अर्थिंग घासा, टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहा आणि चालवा. तीन महिन्यांनी 'हिला काय हवंय' याची जी यादी तुम्ही कराल, ती आज डोक्यात असलेल्या यादीपेक्षा बहुधा छोटी असेल. तिथून सुरुवात करा.